पलीकडच्या किनाऱ्याचं स्टेशन

“अजून थोडं डावीकडे! थांबा, थांबा... गेलं!”

ताई जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडली आणि पुन्हा खोलीत पळाली. वर गच्चीत तिचा भाडेकरू ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एरियल दोन्ही हातांनी धरून इंच-इंच फिरवत होता. खाली टेबलावर रेडिओ नुसता फसफसत होता. आठ वाजायला सहा मिनिटं होती.

तो राहायला आला त्याला आज अकरा दिवस झाले होते. सामान म्हणजे एक पिशवी आणि हा रेडिओ. पहिल्याच दिवशी त्यानं नळ्या आणून गच्चीत एरियल उभी केली, तेव्हा ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. नाव विचारलं तर त्यानं नुसतं आडनाव सांगितलं; मग गल्लीनंच त्याचं बारसं करून टाकलं, रेडिओवाले. मग त्यानं ताईला आपली जाडजूड वही दाखवली. लहानपणापासूनचा नाद. एफएम स्टेशन एरवी शंभरेक किलोमीटरच्या पुढे ऐकू येत नाही. पण उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असला, की समुद्रावरून लहरी वाकत वाकत सातशे-आठशे किलोमीटर चालून येतात. कधी येतील याचा भरवसा नाही. आल्या, की तारीख, वेळ आणि कानावर पडलेलं वाक्य वहीत टिपून ठेवायचं.

“आणि मिळतं काय त्यातून?”

“काही नाही. लांबचं ऐकू आलं, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही, त्यानं सांगून टाकलं. पलीकडच्या किनाऱ्याजवळ प्रवासी बोट बुडाली होती ना, तिच्यावर त्याचा मोठा भाऊ होता. तिथल्या बंदराचं स्टेशन रोज सकाळी आठला नावं वाचतं. आधी बेपत्ता, मग गेलेले, शेवटी जिवंत सापडलेले.

“नाव लिहून द्या,” ताई म्हणाली. “तुम्ही एरियल सांभाळा. ऐकायचं माझ्यावर सोडा.”

टेलिफोन एक्सचेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेली बाई ती. खरखरीतून नाव उचलावं तर तिच्या कानांनी. पण हो म्हटल्यापासून तिची झोप उडाली. लोकांच्या वाईट बातम्या तिनं हजार वेळा जोडून दिल्या होत्या. स्वतःच्या तोंडानं सांगितली एकही नव्हती.

स्टेशन लागायचं त्या दिवशी तो धडधडत खाली यायचा आणि दारातच थबकायचा.

“काय?”

“बेपत्ता.”

तो सुस्कारा सोडायचा आणि पोटभर नाश्ता करायचा. आशा मोठी चिवट, ताई मनाशी म्हणायची. तिच्या घशाखाली मात्र घास उतरायचा नाही.

“तिकडे जाऊनच का येत नाही?” तिनं एकदा विचारलं.

“बोटी बंद आहेत.”

“वहिनीला चार ओळी तरी लिहा. जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा.”

“तिला सवय आहे.”

“कसली?”

“वाट बघायची,” तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

मग तीन दिवस वारा सुटला. रेडिओवर गावातल्याच स्टेशनची बडबड तेवढी राहिली. तो जेवला नाही, धड बोलला नाही. खोलीत येरझाऱ्या घालताना त्याची पावलं ताईला भिंतीपलीकडून मोजता यायची. काल पेपरात आलं, की शोध थांबतोय. आजची यादी शेवटची.

आणि आज वारा पडला होता.

फसफस एकाएकी विरली. कुठलंसं गाणं मध्ये घुसलं, मागे हटलं आणि मग शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ बाईचा आवाज आला. ताईनं डोळे मिटले.

बेपत्ता. एकवीस नावं. ते नाव नव्हतं.

बेपत्तांत नाही, म्हणजे... तिनं टेबलाची कड घट्ट धरली. गेलेल्यांची यादी सुरू झाली. चार नावं, पाच, आणि आवाज खरखरीत बुडाला. वर जाऊन काय सांगू? तोंड कसं दाखवू? मनातल्या मनात ती वाक्यं जुळवू लागली. एकही धड होईना.

आवाज परत वर आला.

“...जिवंत सापडलेले, एक.”

आणि तेच नाव. अक्षर न् अक्षर.

“मच्छीमारांनी खडकावरून उचललं. धक्क्यामुळे त्यांना अजून बोलता येत नाही. पत्नीनं काल रुग्णालयात त्यांना पाहताक्षणी ओळखलं आणि संध्याकाळी घरी नेलं.”

गुडघेदुखी विसरून ताई जिना चढली. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं.

“जिवंत आहे! अहो, जिवंत आहे!”

एरियल त्याच्या हातून सुटली आणि कठड्यावर आपटली.

“नीट ऐकलंत?”

“बत्तीस वर्षांत माझं एक नाव चुकलं नाही. मच्छीमारांना सापडले. बोलत नाहीत अजून, पण वहिनीनं पाहताक्षणी ओळखलं. घरीसुद्धा नेलं!”

“तिनं ओळखलं?”

“मग? बायको नाही ओळखणार?”

तो हळूहळू खाली बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अहो, आता तरी हसा. भाऊ वाचला तुमचा.”

“मला भाऊ नाही, ताई,” तो म्हणाला. “ते नाव माझं आहे.”