मागे पडणारं घड्याळ

लॅपटॉप झोपेतून जागा झाला की त्याचं घड्याळ मागे पडायचं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला हा दोष दूर करायचं काम ऑफिसात तिच्याकडे आलं होतं, आणि बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर तो हमखास दिसायचा. म्हणून ती दुरुस्ती पाठवायची आणि संध्याकाळी फोन करायची. बाबा झाकण मिटायचे, चहा ठेवायचे आणि मग झाकण उघडून भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघायचे. चहा उकळेपर्यंत बापलेकीच्या गप्पा चालायच्या. आई गेल्यापासून दोघं एवढं कधी बोललीच नव्हती.

पुढे बाकी सगळ्यांचे लॅपटॉप सुधारले, बाबांचा मात्र दाद देईना. "पाच मिनिटं मागेच गं. तुझ्यासारखाच आहे, उठला तरी जागा नसतो," ते म्हणायचे. तिने बरीच डोकेफोड केली, शेवटी हात टेकले आणि वेगळ्याच बनावटीचा नवा लॅपटॉप त्यांना पाठवून दिला.

"सुटलात बाबा," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "आता रोज माझी कटकट नाही. नव्याची वेळ बरोबर आहे ना?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "कसली बरोबर? हाही झोपून उठला की पाच मिनिटं मागेच. उद्या फोन कर, परत बघू."



त्यांच्या मागे टेबलावर नव्या लॅपटॉपचं खोकं होतं, आणि त्याची चिकटपट्टीसुद्धा अजून निघालेली नव्हती.