पाहुण्यांचे डबे

“एक डबा जरी कमी भरला ना, तर उर्ग्याच्या पेटीत घालीन तुला,” अंमलदार म्हणाला.

उर्ग्याची पेटी चुल्तेमला माहीत होती. उर्गा शहरातला लाकडी तुरुंग तो. आत धड बसता येत नाही की आडवं होता येत नाही. त्याचा काका त्यातून वाकलेलाच बाहेर आला आणि वाकलेलाच मेला.

उंटांवरून आलेले डबे चुल्तेमच्या तंबूमागे रचले गेले. पेकिंगहून पॅरिसला शर्यतीत निघालेल्या मोटारी गोबीतल्या त्याच्या तंबूजवळच्या विहिरीवरून जाणार होत्या. त्यांचं पेट्रोल डब्यांत होतं. इथं ते मिळालं नाही, तर पुढं नुसतं वाळवंट.

चुल्तेमची आई सेव्जिद संध्याकाळी शेळ्या घेऊन परतली.

“हे कुणाचं रे?”

“लांबून पाहुणे येणारेत, त्यांचं. जपायला हवं. कमी पडलं तर माझी पेटी ठरलेली.”

“पाहुण्यांचं ना? मग मी आहे की.”

पाहुणा म्हटलं की म्हातारीला तहानभूक राहत नसे.

त्या साली पाऊसच नव्हता. चुकलेला उंट शोधायला चुल्तेम गेला आणि दोन दिवसांनी परतला, तर विहिरीत नुसता चिखल.

“आई, पाणी कुठं गेलं?”

“जायचं तिथं गेलं. माझ्यावर डोळे काय वटारतोस? डबे बघ आधी.”

त्यानं धावत जाऊन एकेक डबा उचलून पाहिला. सगळे जड होते. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग शेळ्या मरायला लागल्या. मायलेक चिखल फडक्यातून पिळून प्यायचे. शेवटचं करडू सेव्जिदच्या मांडीवर गेलं, तेव्हा ती ढसाढसा रडली. चुल्तेम मात्र डब्यांपासून हलला नाही. त्याला काका दिसत होता.

अखेर धूळ उडवत मोटार आली. मागून घोड्यावर अंमलदार आणि दुभाषा. रचलेले डबे पाहून ओठ फुटलेल्या गोऱ्या ड्रायव्हरनं चुल्तेमला मिठीच मारली. टाकी भरली. मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली.

ड्रायव्हरनं उरलेले डबे उघडून हुंगले. मग तो वाळूतच बसला. काहीतरी पुटपुटला.

“पेट्रोल कुणाला विकलंस?” दुभाष्यानं चुल्तेमला विचारलं.

“बुद्धाची शपथ! मी इथून हललोसुद्धा नाही!”

अंमलदारानं त्याचे हात बांधायला घेतले. तेवढ्यात सेव्जिद मध्ये घुसली.

“त्याला कशाला बांधता? डबे भरलेलेच आहेत की! मला विचारा ना. आत कसलं कुजकं, डोळे झोंबतील असं पाणी भरलं होतं हो! ते काय पाहुण्यांना पाजायचं? सगळं वाळूत ओतलं, डबे घासूनपुसून घेतले आणि आमच्या विहिरीचं गोड पाणी मी स्वतः त्यांत भरलं, शेवटच्या थेंबापर्यंत.”