शून्याचे रकाने

एकोणीसशे त्रेसष्टची गोष्ट. पुण्याकडची राहणी बरी की विदर्भातली, हे मोजायला पुण्याचे एक साहेब आमच्या पिंपळगाव राजात आले. सोजराबाईच्या मळ्यात खाटेवर बसून, तिनं दिलेलं ताक पीत त्यांनी फॉर्म काढला.

"महिन्याला दूध किती विकत घेता?"

"कायीच नाही."

"भाजी? ज्वारी?"

"एक दाणा नाही."

साहेबांनी तिन्ही रकान्यांत शून्य भरलं आणि खालचा शेरा मोठ्यानं म्हणत लिहिला, "अत्यंत हलाखी."

"अन् तुमच्या घरी, साहेब?"

"आमच्याकडे सगळं विकतच."

सोजराबाईनं त्यांची पिशवी ओढून वांग्यांनी गच्च भरली.

 

"न्या घरी, लेकराइले खाऊ घाला. अन् हलाखीच्या यादीत पह्यलं नाव तुमचं लिहा!"