आजोळचा काढा

"किती कुटतेस गं?" मंदाकिनीबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. "ज्येष्ठमधच आहे ना, की खडी?"

"झालंच, आई," पूर्वा म्हणाली आणि खलबत्त्यातल्या गोळीचं पुरतं पीठ झाल्याची तिनं बोटानं खात्री करून घेतली.

गोळी दम्याची होती. डॉक्टरांनी रोज रात्री एक लिहून दिली होती. सोबत पंप. सकाळी दोनदा ओढायचा, संध्याकाळी दोनदा, मग चूळ भरायची. मुख्य औषध पंपच, गोळी नुसती मदतीला, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. त्याआधीचे तीन दिवस मंदाकिनीबाईंनी दवाखान्यात ऑक्सिजनवर काढले होते. पुन्हा असा झटका आला तर इथपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बोलण्याइतका श्वास येताच मंदाकिनीबाईंनी भेटायला आलेल्या अकरा नातेवाइकांसमोर जाहीर केलं, "पंप सायकलला मारतात. माणसाला त्याची सवय लागते. मी घेणार नाही."

शनिवार पेठेत एकदा 'नाही' म्हटलं, की ते परत घ्यायची सोय नसते.

केयूरनं आईला मोबाइलवर तीन व्हिडिओ दाखवले. "तू आधी हेल्मेट घालायला लाग," त्या म्हणाल्या. विषय संपला.

पूर्वानं वाद घातला नाही. खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधण्याचा तिला पगार मिळे. दार लागलेलं असेल तर खिडकी बघायची, हे तिचं रोजचंच काम.

"आमच्या आजोळी दम्यावर एक काढा करतात," ती म्हणाली.

आजोळी असलं काही करत नसत. अडुळसा, ज्येष्ठमध, मिरी, तुळस हे तिनं ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर शोधून जमवलं होतं. एवढ्या कडूजहर पातेल्यात एक गोळी कुठे कळणार?

मंदाकिनीबाईंनी सुनेकडे जरा वेळ पाहिलं. "कर बाई. तुझी श्रद्धा आहे तर."

पंप काही कुटता येत नव्हता. तो शोकेसच्या ड्रॉवरमध्ये राहिला. पूर्वा दर रविवारी खोका उघडून बघे. सील जसंच्या तसं असे. पण निम्मं औषध हे शून्यापेक्षा बरं, असा तिचा हिशेब होता.

आणि तो बरोबर निघाला. रोज संध्याकाळी मंदाकिनीबाई वाफाळता पेला घेऊन बाल्कनीत जात. "कडू आहे. चारचौघांत तोंड वाकडं करायला बरं दिसत नाही." रिकामा पेला घेऊन परत येत, बाथरूमचं दार लावत आणि खळखळून चुळा भरत. तिसऱ्या आठवड्यात त्या भाजीची पिशवी घेऊन तीन जिने न थांबता चढल्या. पाचव्या आठवड्यात जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी भांडून वर आल्या, तरी धाप नव्हती.

"सुनेचा काढा," त्या सगळ्यांना सांगत. "आजोळचा आहे तिच्या."

दोन महिन्यांनी तपासणी झाली. मंदाकिनीबाईंनी यंत्रात जोरात फुंकर मारली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला.

"उत्तम. पंप कसा घेता, दाखवा बरं."

मंदाकिनीबाईंनी टेबलावरचा नमुन्याचा पंप उचलला, हलवला, श्वास पूर्ण सोडला, ओठ घट्ट मिटून ओढला आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवला.

"माझ्या नर्सनाही इतका छान जमत नाही," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात पूर्वा म्हणाली, "आई, नाटक मस्त केलंत."

"करावं लागतं," मंदाकिनीबाई रिक्षाबाहेर बघत म्हणाल्या. "बँकेत असताना बक्षीस होतं मला."

सगळं सुरळीत चाललं असताना नागपूरहून उल्काचा फोन आला. दोन महिने राहायला ये, असा लेकीचा आग्रह. तिकीट निघालं.

"काढ्याच्या पुड्या करून देते," पूर्वा म्हणाली.

"नको. उल्का हसेल. तेवढे दोन महिने काढ्याला सुट्टी."

पूर्वानं केयूरला गाठलं. "दोन महिने गोळीशिवाय राहणार आहेत. तिकडे झटका आला तर?"

"मग सांगून टाक."

"तू सांग ना. तुझी आई आहे."

"काढा तुझ्या आजोळचा आहे," केयूर म्हणाला आणि हेल्मेट घालून बाहेर पडला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंदाकिनीबाई बॅग भरत होत्या. पूर्वा समोर जाऊन बसली.

"आई, रागावलात तरी चालेल, पण तिकडे औषध बंद करू नका. आजोळी असा काढा कुणी करत नाही. तुम्हाला गुण आला तो गोळीचा. डॉक्टरांची गोळी मी रोज कुटून काढ्यात घालत होते."

मंदाकिनीबाईंनी हातातल्या साडीची घडी पुरी केली, बॅगेत ठेवली.

"रोज?"

"रोज. एकही दिवस चुकवला नाही."

"म्हणून गोळ्यांची पट्टी सापडत नव्हती होय." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पर्समधून एक पंप काढला, हलवला आणि ओढला. पूर्वा काही बोलणार, तोच त्यांनी 'थांब' म्हणून बोट वर केलं. दहा आकडे झाल्यावर श्वास सोडला.

"हा तिसरा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बद्रीनाथकडून आणते. ड्रॉवरमधला तसाच ठेवलाय, तू रविवारी बघतेस म्हणून. अकरा जणांसमोर नाही म्हणून बसले होते ना."

"मग काढा?"

"पहिल्या दिवसापासून बाल्कनीतल्या कढीलिंबाच्या कुंडीत जातोय. तुझी एवढी श्रद्धा, म्हटलं कशाला मोडा."