रविवारचा ट्रॅक्टर

"नाय घेत, बाबा." प्रणितने ट्रॅक्टरचं हँडल बाहेर काढलं आणि तळहात पाहिला. फोड फुटला होता.

"परत हवा धरली असंल डिझेलच्या पायपात," सावळाराम म्हणाला.

"असंल. पुढच्या रविवारी बघू."

ओटीवर तांदूळ निवडणारी सुंदरा म्हणाली, "भंगारवाल्याला द्या तो डबा. निदान कोंबड्या तरी अंडी घालत होत्या त्यात. आता त्या पण बसत नाय."

सावळारामच्या वडिलांचा तो ट्रॅक्टर. यंदा दिवाळीत प्रणितला लहर आली, हा दुरुस्त करून म्हसा गावच्या जत्रेला चालवत न्यायचा. तेव्हापासून तो दर रविवारी कल्याणहून बाईकवर येत होता. त्याआधी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. गंज खरवडून झाला, लाल रंग लागला, टायर आले. इंजिन तेवढं बोलत नव्हतं.

निघताना सुंदराने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत कोळंबीचे सुके सोडे बांधून दिले. तिची गाठ अशी की दातांशिवाय सुटायची नाही.

"आई, एकदा तरी सुटंल अशी बांध ना."

"सुटली तर सोडे सांडतील रस्त्याला."

बाईक वळणाआड गेली. सावळाराम ट्रॅक्टरजवळ जाऊन उभा राहिला. डिझेलच्या पायपाचा नट दर शनिवारी तोच हळूच सैल करायचा. ट्रॅक्टर सुरू झाला की पोराला यायचं कारण उरणार नव्हतं. पण आज तो फोड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. बापाने लेकाचे हात असे सोलून घ्यायचे?

पुढच्या शनिवारी त्याने नटाला हात लावला नाही. रविवारी सकाळी उलट तो घट्ट आवळला, पायपातली हवा काढली आणि स्वतःच हँडल मारलं. आधी आपण ऐकू, मग पोराला ऐकवू.

इंजिन हुंदकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं. तेच.

सावळाराम चक्रावला. डिझेल येत होतं. मग अडलं कुठे? त्याने इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळीचं टोपण काढून बोट आत घातलं. मऊ काही लागलं. वाकून पाहिलं तर हिरव्या चिंधीचा घट्ट बोळा आणि त्यावर ती गाठ.

त्याने ओटीकडे पाहिलं. सुंदरा सुपातून मान वर न करता म्हणाली, "काय ओ, झाला का सुरू तुमचा डबा?"

"नाय गो."

"मग कोंबडी कापते. पोरगा येईल एवढ्यात."

ती सूप ठेवून परसात गेली. वळणावर बाईक वाजली. सावळारामने घाईने टोपण लावलं आणि पाणी आणायला घरात शिरला.

तांब्या घेऊन तो दाराआड आला तेव्हा प्रणित ट्रॅक्टरशी पोचला होता. तळहाताला पट्टी होती. त्याने मागे वळून कोणी बघत नाही ना ते पाहिलं, हवेच्या नळीचं टोपण काढलं, गुराचं दावं नीट आहे ना बघावं तसा तो बोळा चाचपला आणि अंगठ्याने थोडा आणखी आत दाबला. मग टोपण लावून हँडल उचललं आणि मोठ्याने हाक मारली, "बाबा, या लवकर. आज होणारच बघा सुरू."