मऊ घास

मुलीने सफरचंदाचा लचका तोडला आणि ओट्याशी उभ्या असलेल्या आईचे हात थांबले.

"रस नाही काढलास?"

"नाही. असंच खायला सांगितलंय."

सांगितलं होतं डॉक्टरीणबाईंनी, सकाळीच. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दिवसभर बैठक. तिशीतच रक्तातली साखर मधुमेहाच्या हद्दीवर येऊन ठेपली होती. जेवणात काय असतं ते ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. भाज्या मिक्सरमधून फिरवलेल्या. फळांचा गाळलेला रस. पाव दुधात कुस्करलेला.

"अहो, मग तुमचे दात करतात काय?" त्या म्हणाल्या. "रस प्यायलात की साखर भराभर चढते. आणि असं नुसतं गिळत गेलात, तर पोट भरल्याचं कळायच्या आत दुसरी वाटी संपलेली असते. टणक खा. सावकाश चावा."

हे सगळं आईचं खूळ होतं. लहानपणापासून घरात शेंगदाणा नाही, टणक गोळी नाही. दुकानात डबा उघडला की मैत्रिणी विचारायच्या, "आज पेशंट कोण?" मुलगी हसण्यावारी न्यायची. वडील होते तोवर तेही निमूटपणे तेच पातळ जेवायचे. बायकोपुढे त्यांचं काही चालत नाही, असंच तिला वाटत आलं होतं.

चावून चावून तिचा जबडा भरून आला. तरी ती नेटाने चावत राहिली. आई हात पुसत आली, समोरची खुर्ची ओढून बसली. नजर मुलीच्या गळ्यावर.

"अशी बघत बसू नकोस ना, आई."

"बारीक चाव."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? तोंडभर दात आहेत मला."

"त्याला चारच आले होते," आई म्हणाली.

मुलगी थांबली. "कुणाला?"

"तुझ्या दादाला."

मुलीला भाऊ नव्हता. एकुलती एक म्हणूनच ती वाढली होती.

आई टेबलाकडे बघत सांगत गेली. तो मुलीच्या आधीचा. नुकता रांगायला लागलेला. आई सफरचंद चिरत होती, तो पायाशी येऊन हात पुढे करायला लागला. तिने एवढीशी फोड दिली. ती घशात अडकली. जीव गुदमरलेल्या बाळाचा आवाजसुद्धा होत नाही, हे आईला तोवर ठाऊक नव्हतं. वडिलांनी तिला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मुलगी झाल्यावर मिक्सर मात्र त्यांनीच आणला.

मुलीने उरलेलं सफरचंद बाजूला सारलं.

"राहू दे आई. मला नाही जमत, म्हणून सांगते डॉक्टरांना."

आईने ते उचललं आणि परत तिच्या हातात ठेवलं.

"नाही, खा. तुला जपता जपता मीच तुला आजारी पाडलं. तू सगळं खा. फक्त माझ्यासमोर बसून खा," ती म्हणाली. "त्या दिवशी माझी पाठ होती त्याच्याकडे."