ठरल्या किमतीला

"तैस्तो, सगळं हातातल्या पान्यानंच बोलणार का रे?" आई बाबांना चिडवायची. ती वारली, तेव्हापासून बाबा गप्पच. उन्हाळा संपताच मी कायमची नॉर्वेला निघणार होते. ते माझ्या शर्यतीच्या चिमुकल्या गाडीत टर्बो बसवत राहिले. संध्याकाळ सरायची नाही, हात थांबायचे नाहीत. जिंकली की पोर पुढच्या वर्षीही इथंच गाडी पळवेल, एवढीच आस. मी जिंकले, तिथंच घात झाला. आमच्या फिनिश गावशर्यतींचा नियम: शर्यतीनंतर ठरल्या किमतीला कुणीही गाडी मागावी, नाकारायचं नाही. एरवी या खटाऱ्याला कोण विचारतं? आज ताकद बघून रांग लागली, म्हणून चिठ्ठ्या काढायचं ठरलं. बाबांनीही चिठ्ठी टाकली. नाव शेजाऱ्याचं निघालं. "म्हाताऱ्या, टर्बो झकास हं!" तो हसला. बाबांनी तापलेलं बॉनेट धरून ठेवलं. "सोडा ना बाबा, नियम आहे," मी म्हणाले. "गाडी नेऊ दे त्याला. पोरी, तू नको जाऊस."